पुलाखालची जादू: जाणत्या होणाऱ्या मुलांवरची पहिली शॉर्टफिल्म पुण्यात कशी कराल?

मुलगी बारा वर्षांची. आई पहाटे कचऱ्याची ढकलगाडी घेऊन सोसायट्यांमध्ये जाते, घर नदीकाठच्या वस्तीत, नळाला पाणी ठरावीक वेळी, शाळेत फी नाही पण वह्यांचा खर्च आहे. इथपर्यंत सगळं आपल्या ओळखीचं. आणि मग पावसाळ्यात नदीचं पाणी पुलावर चढतं तेव्हा तिला त्या बुडालेल्या पुलावरून एक माणूस चालत येताना दिसतो. पाण्याखालून. प्रेक्षकाला ते खोटं वाटत नाही, कारण त्याआधीची काही मिनिटं त्याने खरी मानलेली असतात.

अशा जातीचा सिनेमा करायची ओढ आज पुष्कळ जणांना आहे. हातात फोन आहे, मित्र आहेत, पुण्यासारखं शहर आहे. अडतं ते एका ठिकाणी: वास्तव आणि अद्भुत यांचा सांधा कुठे आणि कसा बसवायचा. हा लेख पहिल्यांदाच दहा-बारा मिनिटांची शॉर्टफिल्म करू पाहणाऱ्यांसाठी आहे. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून ठेवते, कारण पुढची प्रत्येक पायरी त्यावर उभी आहे. सिनेमातल्या जादूने घरभाडं भरायचं नाही. जादू मुलाला बघायला शिकवेल, धीर देईल, कधी घाबरवेल. पण आईचं दुखणं, बापाचं नसणं, जातीचा काच, डोक्यावरचं कर्ज यातलं काहीही तिने मिटवता कामा नये. ते मिटवलंत की सिनेमा परीकथेत जातो आणि ज्या मुलाची गोष्ट सांगत होतात त्याला तुम्ही वाऱ्यावर सोडता.

आधी नीट बघा

यासाठी लांब जायला नको. 1936 साली पुण्यात, प्रभातच्या स्टुडिओत, दामले-फत्तेलालांनी ‘संत तुकाराम’ केला. तो स्टुडिओ म्हणजे आजच्या लॉ कॉलेज रस्त्यावरच्या फिल्म इन्स्टिट्यूटचं आवार. हा चित्रपट भक्तिपट म्हणून सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही तो एकदा जिजाईच्या बाजूने बघा. गौरीबाईंनी उभी केलेली ही बाई रांधते, वैतागते, पोरांची पोटं भरायची काळजी वाहते, आजारी पोराला घेऊन देवळात विठोबाशी भांडायला जाते. चित्रपटभर चमत्कार होत राहतात, पण घरातली चूल कशी पेटते हे आपल्याला कायम ठाऊक असतं. शेवटी गरुड तुकोबांना घेऊन आभाळात जातो आणि जिजाई खालीच राहते. विमान आणि चूल एकाच चौकटीत मावतात, आणि एकीमुळे दुसरं खोटं पडत नाही. या प्रकारच्या सिनेमाचा सगळा अभ्यास इथे आहे.

दुसरा ‘फँड्री’. नागराज मंजुळे यांच्या या चित्रपटातला जब्या काळ्या चिमणीच्या मागे रानोमाळ फिरतो. तिची राख अंगावर टाकली की आवडती मुलगी वश होईल असा त्याचा विश्वास. चिमणी पूर्ण चित्रपटात आहे, पण ती गावाची नजर बदलत नाही. पडद्यावर जादू प्रत्यक्ष घडवून न दाखवतासुद्धा अद्भुताचा धागा कसा ताणून धरता येतो, ते इथे शिकायला मिळतं. जब्याचं काम करणाऱ्या सोमनाथ अवघडेने आधी कधी अभिनय केलेला नव्हता, आणि त्या कामाला 61 व्या राष्ट्रीय पुरस्कारांमध्ये बालकलाकाराचा पुरस्कार मिळाला.

तिसरा बाहेरचा: अँड्रिया अर्नॉल्ड यांचा 2024 चा ‘बर्ड’. इंग्लंडमधल्या ग्रेव्हसेंड गावात बारा वर्षांची बेली आपल्या अगदी तरुण बापाबरोबर एका बळकावलेल्या पडक्या इमारतीत राहते, आणि तिला बर्ड नावाचा एक विलक्षण माणूस भेटतो. बेली फोनवर पक्षी, आभाळ, माणसं टिपते आणि रात्री ती चित्रं खोलीच्या भिंतीवर पाडून बघते. म्हणजे अद्भुत येण्याच्या कितीतरी आधी ही मुलगी जगाकडे कशी बघते ते आपण बघितलेलं असतं. आणखी एक गोष्ट टिपून ठेवा. तिच्या बापाला एका बेडकाच्या अंगावरच्या चिकट स्रावातून नशेचा माल काढून पैसे करायचे आहेत. मोठ्या माणसांचंही एक वेडं स्वप्न असतं, हे दाखवलं की मुलाचं स्वप्न एकटं पडत नाही. आपल्याकडे ते लॉटरीचं तिकीट असेल, भिशीचा नंबर असेल, गावाकडच्या जमिनीचा कधीच न संपणारा दावा असेल.

पुण्यात बघायची सोय चांगली आहे. लॉ कॉलेज रस्त्यावरच फिल्म अर्काइव्ह आहे (1964 साली सुरू झालं, आता एनएफडीसीचा, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा भाग). तिथे चित्रपट दाखवले जातात आणि ग्रंथालयही आहे. जानेवारीत ‘पिफ’ (पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) असतो. फिल्म इन्स्टिट्यूटचे छोट्या मुदतीचे अभ्यासक्रम असतात, आणि उन्हाळ्यातला रसास्वादाचा वर्ग अर्काइव्हच्या जोडीने चालतो. वेळ आणि पैसा जमत असेल तर हा वर्ग जरूर करा. नसेल जमत तर वर सांगितलेले तीन चित्रपट वही घेऊन बघा आणि प्रत्येक अद्भुत क्षणाच्या अलीकडचा आणि पलीकडचा शॉट कोणता ते लिहून काढा.

मूल कोण, आणि त्याला कमी काय पडतंय

कथा सुचली असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा जादू सुचलेली असते. ती बाजूला ठेवा आणि आधी मुलाचं कागदावर सगळं लिहा: उठतं किती वाजता, झोपतं कुठे, घरात त्याची स्वतःची म्हणावी अशी जागा कोणती, शाळेत कोणत्या बाकावर बसतं, घरातलं कोणतं काम त्याच्या वाट्याचं, त्याला काय सांगितलं जात नाही. हा शेवटचा प्रश्न सोन्याचा आहे. दहा ते चौदा या वयात मुलांना घरातलं सगळं कळतं आणि कोणी काही सांगत नाही. पोर जाणतं होतं ते याच फटीत.

मग एकच उणीव निवडा. बाप सोडून गेला आहे, बहिणीचं लग्न लवकर ठरतंय, वस्ती उठणार आहे, पाळी आली आहे आणि घरात एकच खोली आहे. दोन उणिवा घेतल्यात तर बारा मिनिटांत दोन्ही उघड्या पडतील.

सुरुवातीला सांगितलेल्या मुलीला आपण सोनी म्हणू आणि तिलाच पुढे उदाहरण म्हणून वापरू. ती राहते डेक्कनजवळ, मुठेच्या काठच्या वस्तीत. बाप दोन वर्षांपूर्वी कामाला म्हणून गेला तो आला नाही. तो कुठे आहे हे आईला ठाऊक आहे. सोनीला नाही.

जादूचा नियम

इथे थांबा आणि वेळ द्या. नव्या माणसांच्या फिल्म बहुतेक करून इथेच ढिल्या पडतात.

जादू कुठून आणायची? ज्या वस्तीत मूल राहतं तिथूनच. परदेशी चित्रपटांतली परी किंवा चमकणारं दार मुठेच्या काठावर परकंच दिसणार. आपल्याकडे पाण्याजवळ साती आसरा आहेत, पिंपळावर मुंजा आहे, म्हसोबा आहे, वेताळ टेकडीच्या माथ्यावर वेताळ आहे. कात्रजच्या तलावातून पेशवाईत शहरात आणलेला जमिनीखालचा नळ आहे, आणि त्याचं पाणी ज्यांत पडायचं ते पेठांमधले हौद आहेत. वाडा पाडताना कुठेतरी त्या नळाचा दगडी बोगदा उघडा पडतो आणि गल्लीतली पोरं आत डोकावून बघतात. बुधवारातला बाहुलीचा हौद डॉ. विश्राम घोले यांनी आपल्या गेलेल्या लेकीच्या स्मरणार्थ बांधला. मुलीच्या शिक्षणाला असलेला विरोध आणि पाण्यावरचा जातीचा पहारा, दोन्ही त्या एका हौदापाशी भेटतात. अशा जागी गेलात की वास्तव आणि अद्भुत वेगळं शोधावं लागत नाही.

म्हाताऱ्या माणसांशी बोला. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा पाणी कुठवर आलं होतं हे सांगणारी माणसं अजून आहेत. 25 जुलै 2024 ला पाणी एकता नगरीत आणि पुलाच्या वाडीत शिरलं तेव्हाचं तर पोरंसुद्धा सांगतील. ती सांगताना ज्या गोष्टी वाढवून सांगतात, तिथे कान द्या.

आता नियम. एका कागदावर चार ओळींत लिहा: जादू कधी होते, कोणाला दिसते, काय करू शकत नाही, आणि तिची किंमत काय. सोनीचा नियम असा होईल. मुठेवरच्या भिडे पुलावर पाणी चढलं की बाप पाण्याखालून पुलावर चालत येतो. तो फक्त तिलाच दिसतो. तो बोलू शकत नाही आणि पूल ओलांडू शकत नाही. त्याला बघायचं तर तिला काठावर थांबावं लागतं, आणि त्या वेळात घरी तिची गरज असते.

चौथी ओळ सगळ्यात महत्त्वाची. ती लिहिलीत की कथेचा शेवट तिच्यातूनच निघतो. पाणी अजून पुलावर आहे, बाप अर्ध्या वाटेवर उभा आहे, आणि आई तापाने फणफणलेली. सोनी वळते आणि आईची ढकलगाडी घेऊन सोसायटीत कचरा गोळा करायला जाते. बाप तिथेच उभा. पुलावरचं पाणी ओसरतं तेव्हा ती तिथे नसते. बाप कुठे गेला ते कळत नाही, पैसे येत नाहीत, ताप एका रात्रीत उतरत नाही. मुलगी मात्र आता कालची उरलेली नाही.

नियम मधेच बदलू नका. बाप एखाद्या सीनमध्ये बोलला तर संवाद कितीही सुंदर असो, काढून टाका.

पटकथा

बारा मिनिटांना दहा-बारा पानं पुरतात. पहिल्या पानावर जादू नको. पहिल्या दोन-तीन मिनिटांत प्रेक्षकाला घराचं गणित कळू दे: कोण कमावतं, कोण रांधतं, कोणाची वाट बघितली जाते. संवाद लिहिण्याआधी वस्तीत बसून ऐका. ‘आई, मला खूप एकटं वाटतं’ असं बारा वर्षांची पोरगी बोलत नाही. ती म्हणेल, ‘आज पण तू उशिरा?’ आणि भांडी आपटेल. सोनी आईला ‘ए आई’ म्हणेल, शेजारणीला मावशी म्हणेल, शाळेतल्या बाईंना बाई किंवा मॅडम. हे चुकलं की पुढचं सगळं चुकतं.

लोकेशन आणि परवानग्या

रेकीला, म्हणजे जागा आधी बघून यायला, दोनदा जा: एकदा सकाळी, एकदा ज्या वेळेला शूट करायचंय त्या वेळेला. नदीपात्रातला रस्ता सकाळी सातला वेगळा दिसतो, संध्याकाळी सातला गाड्यांनी भरलेला असतो.

पावसाळ्यात खडकवासला धरणातून पाणी सोडलं की भिडे पूल बुडतो. विसर्ग किती क्युसेकचा आहे ते बातम्यांमध्ये येतं, त्यावर लक्ष ठेवा. बुडालेल्या पुलाचे शॉट वरच्या बाजूने, झेड पुलासारख्या उंच जागेवरून घ्या. पाणी चढलेलं असताना मुलाला काठावर नेऊ नका, तुम्हीही उतरू नका. पोलिसांनी लावलेली बॅरिकेड्स शॉटसाठी सरकवू नका. मुलीचे क्लोजअप पाणी उतरल्यावर, त्याच ढगाळ उजेडात, कोरड्या जागी घेता येतात. एडिटमध्ये कोणालाही कळत नाही.

स्थानिक पोलिस ठाण्यात लेखी अर्ज द्या, महापालिकेची जागा असेल तर क्षेत्रीय कार्यालयात. राज्य सरकारची एक खिडकी योजनाही आहे, तीही बघा. शनिवारवाडा आणि पाताळेश्वर केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहेत, तिथे वेगळी परवानगी. टेकड्यांचा बराच भाग वनखात्याचा आहे. कॅम्प, खडकी, लोहगाव आणि एनडीएच्या बाजूला लष्करी हद्द आहे, तिथे कॅमेरा बाहेर काढू नका. याच कारणाने शहराच्या मोठ्या भागात ड्रोनवर बंदी किंवा कडक अटी आहेत. उडवण्याआधी ‘डिजिटल स्काय’ या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा बघा. खरं सांगायचं तर या सिनेमाला ड्रोनची गरजही नसते. मूल जेवढ्या उंचीवरून जग बघतं तेवढीच उंची पुरे.

वस्तीत शूट करताना पहिली परवानगी तिथल्या बायकांची. एखाद्या ताईंना कथा नीट सांगा, शेवटासकट. वस्तीतली गरिबी टिपायला आलेले लोक त्यांनी बरेच बघितले आहेत.

मुलं निवडणं, मुलांचे हक्क

नाट्यशिबिरं केलेल्या मुलांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो, आणि कॅमेऱ्यासमोर नेमका तोच अडतो. ग्रिप्स या बालनाट्य चळवळीतली नाटकं बघा. तिथे मोठी माणसं लहान मुलांची कामं करतात आणि रंगमंचावर ते शोभतंही. क्लोजअपमध्ये तसं चालत नाही. म्हणून मूल त्याच जगातलं शोधा. महापालिकेच्या शाळेत मुख्याध्यापकांची परवानगी काढून एखादी दुपार घालवा. ऑडिशन घेऊ नका, खेळ घ्या, चित्र काढायला लावा, आणि कोण न बोलता बघत बसतं ते हेरा.

निवड झाल्यावर कायदा पाळा. चौदा वर्षांखालच्या मुलाला कलाकार म्हणून घ्यायचं तर बालकामगार कायद्याच्या 2017 च्या सुधारित नियमांप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि पालकांची संमती लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, आणि सलग तीन तासांनंतर विश्रांती हवीच. पाच मुलांमागे किमान एक जबाबदार माणूस नेमावा लागतो. शाळा बुडू नये याची सोय बघायची. मुलाच्या मानधनातला किमान वीस टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावाने मुदत ठेवीत टाकायचा. आणि मुलाच्या इच्छेविरुद्ध काही करून घ्यायचं नाही. आपली फिल्म छोटी आहे, घरचीच पोरं आहेत, असं म्हणून हे टाळू नका. ज्या मुलीच्या कष्टांवर सिनेमा करतोय, तिलाच फुकट राबवायचं हे कुठल्याच तर्कात बसत नाही. मानधन द्या, आधी ठरवून द्या, आईच्या समक्ष द्या.

मोठ्या भूमिकांसाठी कॉलेजच्या नाट्यमंडळींकडे जा. पावसाळा गाठायचा असेल तर एक ध्यानात ठेवा: तेव्हा ती सगळी पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या तालमींत असतात, तारखा जूनच्या आधीच घ्या.

मुलीला पटकथा पाठ करायला देऊ नका. सीनमध्ये खरं काम द्या. सोनी ओला-सुका कचरा वेगळा करतेय असा सीन असेल तर तिच्यासमोर खरोखर पोतं ठेवा (स्वच्छ धुतलेल्या वस्तूंचं, हातमोज्यांसकट) आणि कॅमेरा चालू ठेवून आईच्या भूमिकेतल्या बाईंना मधेच प्रश्न विचारायला सांगा. हात गुंतलेले असले की चेहरा खोटं बोलत नाही. पुठ्ठा एकीकडे, दुधाच्या पिशव्या एकीकडे, बाटलीचं टोपण काढून वेगळं: कचरावेचक बायकांचे हात हे किती झटपट करतात ते आधी एखाद्या सकाळी त्यांच्याबरोबर जाऊन बघा, आणि मुलीलाही दाखवा. शक्य असेल तर सीन कथेच्या क्रमानेच शूट करा. बापाला पहिल्यांदा बघतानाचा टेक एकदाच मिळतो.

पक्षी-प्राणी हवे असतील तर सांभाळून. घार, पोपट हे वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत, पकडून किंवा पाळून वापरायचे नाहीत. घार आभाळात फिरतेच आहे, तिथेच टिपा.

कॅमेरा, आणि पाण्याखालचा बाप

चांगला फोन पुरतो. ब्लॅकमॅजिक कॅमेरासारखं मोफत अ‍ॅप टाका आणि सगळं हाताने ठरवा: सेकंदाला 25 फ्रेम, शटर 1/50 सेकंद. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची आहे. या आकड्यांवर ट्यूबलाइट आणि एलईडी सहसा लुकलुकत नाहीत. व्हाइट बॅलन्स (उजेडाप्रमाणे रंग जुळवणारी सेटिंग) कुलूपबंद करा, नाहीतर एकाच सीनमध्ये मुलीचा चेहरा पिवळा-निळा होत राहील. भर उन्हात या शटरला चित्र पांढरं पडतं, त्यासाठी एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची, उजेड कमी करणारी काच) घ्या. कॅमेरा मुलीच्या डोळ्यांच्या उंचीवर. मोठ्या माणसांची डोकी कापली गेली तर कापू द्या.

जादूसाठी कॉम्प्युटरच्या मागे लागू नका. 1919 च्या ‘कालिया मर्दन’मध्ये फाळक्यांनी स्वतःची लेक मंदाकिनी हिला कृष्ण केलं आणि पाण्याखालचा कालिया दाखवला, तोही हाताने फिरवायच्या कॅमेऱ्याच्या काळात.

सोनीच्या बापाचा शॉट असा करता येईल. दोन फूट लांबीची काचेची मत्स्यपेटी आणा, काचा आत-बाहेर लख्ख पुसा. पाणी भरा आणि त्यात चिमूटभर गेरू कालवा. पुराच्या मुठेला चहाचा रंग असतो, तो असाच मिळतो. गेरू जास्त झाला तर पलीकडचं काही दिसणार नाही, म्हणून थोडा थोडा टाकत फोनच्या पडद्यावर बघत राहा. फोनची लेन्स काचेला अगदी टेकवा आणि भोवती काळं कापड धरा, म्हणजे प्रतिबिंब पडणार नाही. पेटीच्या पलीकडे सहा-सात फुटांवर नट उभा करा, मागे राखाडी चादर. वरून एक टॉर्च तिरपा पाण्यावर. आता डावाने पाणी एकाच दिशेला ढवळा, डाव काढा, चार-पाच श्वास थांबा. बुडबुडे वर जातात, गढूळ पट्टे मात्र फिरत राहतात. तेव्हा नटाला चालायला सांगा. 50 फ्रेमवर (शटर 1/100) शूट करून 25 वर चालवा, पावलं जड होतात. फोकस हाताने नटावर ठेवा, नाहीतर फोन पाण्यातले कण पकडत बसेल.

हा शॉट आणि पुलाचा खरा शॉट यांच्यामध्ये सोनीचा चेहरा ठेवा. जोड तिच्या नजरेवर बसतो.

जादू सुरू झाल्याची घोषणा करू नका. निळा रंग नको, धूसर कडा नको, घंटानाद नको. आधीच्या सीनमध्ये जी लेन्स आणि जो उजेड, तोच इथे.

शूटिंगचे दिवस

मुलांसाठी दिवस छोटा, म्हणून तीन-चार दिवस धरा. छत्र्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या, कॅमेऱ्याच्या बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या. फुटेज रोज दोन ठिकाणी कॉपी. पैसे कमी असतील तर भाड्याच्या लाइट कमी करा, जेवण नको कमी करायला. नुसत्या वडापाववर युनिट दुसऱ्या दिवशी चिडचिडं होतं, खानावळीतून पोळी-भाजीचे डबे सांगा.

आवाज आणि एडिट

लोक चित्रात जीव ओततात आणि आवाज शेवटच्या रात्रीवर टाकतात. या जातीच्या सिनेमात तर अद्भुत आधी कानाला कळतं. प्रत्येक जागी सगळ्यांना गप्प करून अर्धा मिनिट नुसता तिथला आवाज टिपा. वस्तीत तो कधीच शांत नसतो: शेजारचा टीव्ही, कुकरच्या शिट्ट्या, पुलावरून जाणारी पीएमपीची बस. संवादासाठी कॉलर माइक कपड्याच्या आत, टेपने नीट चिकटवून.

पाण्याखालच्या आवाजासाठी छोट्या माइकला फुगा चढवा, तोंड घट्ट बांधा आणि पाण्याच्या बादलीत सोडा. बाहेरून बादलीवर बोटांनी टिचकी मारा, हात हलवा. मग एडिटमध्ये बाप दिसतो त्या क्षणी रस्त्याचे आवाज एकेक करून काढत जा आणि एकच खरा आवाज ठेवा, समजा आईचा खोकला. तो थांबत नाही, म्हणून सोनीला वळावं लागतं. संगीत असलंच तर त्यानंतर.

डाव्हिन्ची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती एडिट, रंग आणि आवाज या तिन्हींना पुरते. पहिला कट झाल्यावर जादूचे सगळे शॉट काढून फिल्म एकदा पूर्ण बघा. त्यांच्याशिवाय गोष्ट अजिबात उभी राहत नसेल तर वास्तवाचा भाग कच्चा आहे; काहीच फरक पडत नसेल तर जादू चिकटवलेली आहे. दोन्ही वेळा नियमाच्या कागदाकडे परत जा.

दाखवणं

पहिला खेळ वस्तीत करा. बायकांची कामं उरकल्यावर, रात्री साडेआठ-नऊला, पांढरी चादर आणि उसना प्रोजेक्टर. विजेची जोडणी कोणाच्या घरातून घेताय त्यांना विचारून, पैसे देऊन. मुलीच्या आईला फिल्म त्याच्या आधी एकटीला दाखवा. तिला एखादा शॉट नको वाटला तर तो काढायची तयारी ठेवा.

मग महोत्सव. मराठी फिल्मला इंग्रजी उपशीर्षकं लागतात. ती शब्दशः करू नका, मूल जसं बोलतं तशी छोटी ठेवा. ‘पिफ’मध्ये विद्यार्थ्यांच्या फिल्मसाठी स्पर्धा असते, मुंबईत ‘मिफ’ (मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) एक वर्षाआड होतो, पुण्यात शॉर्टफिल्मचे छोटे महोत्सवही होतात. अर्ज भरण्याआधी नियम वाचा, कारण आधीच यूट्यूबवर टाकलेली फिल्म काही महोत्सव घेत नाहीत. चित्रपटगृहात तिकीट लावून दाखवायची असेल तर सेन्सॉर प्रमाणपत्र लागतं. 2023 च्या दुरुस्तीनंतर त्यात यूए 7+, 13+ आणि 16+ असे वयोगट आहेत. पोस्टरवर मुलीचं नाव टाकायचं तर तिच्या आणि आईच्या परवानगीने, आणि तिच्या घराचा पत्ता किंवा शाळेचं नाव ओळखू येईल असा कोणताही फोटो प्रसिद्धीला देऊ नका.